मुलांचं वजन कळवणाऱ्या पत्रास

इंग्लंडातल्या घराघरांत शाळेच्या तपासणीनंतर येऊन पडणाऱ्या वजनपत्रा,

नमस्कार करावा असं तू काही केलेलं नाहीस, म्हणून सरळ मुद्द्यावर येते.

२००५ पासून तिथल्या सरकारी शाळांत रिसेप्शनमधली चार-पाच वर्षांची आणि इयर सिक्समधली दहा-अकरा वर्षांची मुलं मोजली जातात. बूट काढून, उंची आणि वजन. मोजण्याला माझी हरकत नाही. आपलं मूल स्थूल होतंय हे अनेक आईबापांना नुसत्या नजरेनं कळत नाही, तेव्हा कुणीतरी सांगायलाच हवं. ते काम तुझ्याकडे सोपवलं, इथेच घात झाला.

तुला घर अचूक सापडतं, त्या घरातलं मूल सापडत नाही. ते खातं काय, खेळायला कुठे जातं, आई रात्रपाळीला असताना त्याला जेवायला कोण वाढतं, यातलं काहीही न विचारता तू त्याला चारांतल्या एका खणात कोंबतंस: कमी वजन, निरोगी वजन, जास्त वजन, फारच जास्त. उंचीच्या मानानं वजन म्हणजे बीएमआय, त्याच्या ९१व्या शतमानावर एक रेघ, ९८व्यावर दुसरी. निकाल लावलास की तू मोकळं. मग मुलीनं दार आपटायचं, आणि आईनं रडत बसायचं.

आणि हॅरो-लेस्टरमधल्या आपल्या मराठी मुलांशी तर तू धडधडीत खोटं बोलतंस. तुझा तक्ता १९९०पर्यंत मोजलेल्या गोऱ्या ब्रिटिश मुलांवरून बेतलेला. दक्षिण आशियाई मुलांच्या अंगात तेवढ्याच बीएमआयला चरबी अधिक असते, हे तुझ्या वैद्यांना ठाऊक आहे. तरी चरबी साठलेल्या पोराला तू ‘निरोगी’ म्हणतंस. बेताच्या पोराला ‘कमी वजन’ म्हणतंस, आणि त्याची आजी तुझ्यावर विश्वास ठेवून वरणभातावर तुपाची धार वाढवते. मधुमेह घरोघरी असलेल्या आपल्या लोकांत ही चूक लहान नाही.

नुसतं कळवून भागत नाही, याचा पुरावाही आहे. कॅलिफोर्नियातल्या ७९ शाळांत पालकांना बीएमआय कळवून पाहिला. मुलांच्या वजनात फरक पडला नाही.

काही कौन्सिलांच्या नर्स तुला धाडण्याआधी पालकांना फोन करतात. तेवढी माणुसकी सगळीकडे सक्तीची करा, ही तुझ्या धन्यांकडे माझी मागणी आहे. आधी बोला, मुलाचा वंश विचारात घ्या, आणि पुढची भेट ठरवूनच फोन ठेवा.

आईबाबांनो, हे पत्र आलं तर मुलासमोर फोडू नका. ‘निरोगी’ लिहिलेलं असलं तरी घरात मधुमेह असेल, तर जीपीकडे जाऊन मुलाला एकदा नीट तपासून घ्या.