चार टक्के स्वातंत्र्य

अखेर अॅप बनवणाऱ्यांना स्वातंत्र्य मिळालं. मोजून चार टक्के.

मागणी साधी होती. फोनवरच्या अॅपमध्ये गिऱ्हाईक वर्गणी भरतं, तेव्हा ते पैसे अॅप-दुकानाच्याच गल्ल्यातून का फिरावेत आणि तिथे शंभरातले तीस का गळावेत? आपला गल्ला अॅपवाला स्वतः सांभाळेल. दक्षिण कोरियाने 2021 मध्ये तसा कायदाच केला. पैसे भरण्याची आपलीच सोय अॅपवाल्यांच्या गळ्यात मारायची नाही, असं दुकानांना बजावणारा तो जगातला पहिला कायदा. दुकानांनीही कायद्याचा मान राखला. ठेवा की तुमचा गल्ला, म्हणाली. आतापर्यंत 30 टक्के देत होता, यापुढे 26 द्या. छोटे असाल तर 15 ऐवजी 11.

कार्डाचं कमिशन भरायचं, गिऱ्हाइकाने पैसे परत मागितले की ते द्यायचे, चोरीच्या कार्डांचा भुर्दंड सोसायचा, ‘पैसे कापले गेले पण वर्गणी चालू झाली नाही’ असे रात्री अकराचे फोन घ्यायचे, हे सगळं अॅपवाल्याने या चार टक्क्यांत बसवायचं. बसलं तर जेमतेम बसतं. नाही बसलं तर स्वातंत्र्य पारतंत्र्यापेक्षा महाग पडतं. साहजिकच त्या वाटेला जायची कुणाला घाई नव्हती, आणि दुकानांना म्हणायला मोकळीक मिळाली की बघा, दार उघडं आहे, कुणी जातच नाही.

चार हा आकडा मोठ्या विचारांती काढलेला असणार. सात-आठ दिले असते तर एखाद्याचा खरोखरच फायदा झाला असता. तीन दिले असते तर थट्टा उघडी पडली असती. (तीन देऊनही पाहिले गेले. ते पुढे येईलच.)

भारतात हे चार टक्के आणखी खुलून दिसतात. इथे 2022 मध्ये एका मोठ्या दुकानाला दुसऱ्या पेमेंट व्यवस्थेची वाट मोकळी करण्याचा आदेश झाला आणि इथेही तोच दर लागला: 30 चे 26, 15 चे 11. आता भारतात 2020 च्या जानेवारीपासून यूपीआयवर व्यापाऱ्याकडून कमिशन घेता येत नाही. दहा रुपयांची कोथिंबिरीची जुडी क्यूआर कोडवर विकणाऱ्या बाईंना त्यातला एक पैसाही कुणाला द्यावा लागत नाही. अशा देशात पैसे घेऊन देण्याच्या कामाचे चार टक्के धरले, हा खरं तर दुकानांचा मोठेपणाच. त्या मोठेपणामुळे एक गोष्ट मात्र आपसूक बाहेर आली. पैसे घेण्याचं काम चाराचं. मग उरलेले सव्वीस कशाचे?

दुकानं म्हणतात, अॅप तपासल्याचे, सुरक्षा पुरवल्याचे, साधनं दिल्याचे, गिऱ्हाईक गाठून दिल्याचे. मान्य. पण मग बिर्याणी घरी आणणारं अॅप? तेही तपासलं जातं, तेही त्याच साधनांनी बनतं, त्यालाही गिऱ्हाईक तिथेच मिळतं. त्याला विक्रीवर कमिशन शून्य. टॅक्सीला शून्य. घरी येऊन नळ दुरुस्त करणाऱ्याला शून्य. नियम असा की हातात धरता येणारी वस्तू किंवा प्रत्यक्ष माणसाने केलेलं काम असेल तर दुकान हात लावत नाही. फोनच्या आतच वापरायचं काही असेल तर तीसपर्यंत. म्हणजे छापील पोथी अॅपवरून मागवली, ती गोदामातून निघाली, गाडीत चढली, तिसऱ्या मजल्यावर पोचली, तर दुकानाला काही नको. तीच पोथी फोनवर वाचायला घेतली तर दुकानाचा वाटा. कित्येक वाचकांना कोडं पडलेलं असतं की पुस्तकांच्या अॅपमध्ये काही फोनवर पुस्तक ‘विकत घ्या’ असं बटणच का नसतं. बटण ठेवलं की तीस टक्के लागतात, म्हणून विक्रेत्याने बटणच काढलेलं असतं. आणि ‘आमच्या वेबसाइटवर जा, तिथे मिळेल’ एवढं एक वाक्य अॅपमध्ये लिहायला वर्षानुवर्षं मनाई होती.

इथे बाजार समितीची आठवण न येणारा मराठी माणूस विरळा. आपल्याकडे फळं-भाजीची अडत शेतकऱ्याकडून घ्यायची की खरेदीदाराकडून, यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडण झालं. 2016 मध्ये राज्याने अध्यादेश काढला, अडत खरेदीदारावर टाकली, शेतकऱ्याला आवाराबाहेर माल विकायची मुभा दिली, आणि त्यावर व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवून दाखवले. आता समजा, त्या मुभेचा फायदा घेऊन जुन्नरकडच्या एका शेतकऱ्याने टोमॅटोचा टेम्पो थेट कोथरूडच्या सोसायटीच्या गेटवर लावला. काटा त्याचा, पिशव्या त्याच्या, सुटे पैसे त्याचे. दुपारी गाळ्यावरून फोन. “दादा, अभिनंदन. आज हमाली नाही, तोलाई नाही, आम्ही हात लावला नाही. म्हणून चार वजा केले. राहिलेले सव्वीस संध्याकाळपर्यंत पाठवा.” शेतकरी विचारतो, “शेठ, माल तुमच्या गाळ्यावर आलाच नाही, मग सव्वीस कशाचे?” शेठ समजावतात: “कोथरूडला टोमॅटो खातात हे तुम्हाला कळलं कुठे? आमच्या गाळ्यावर. टेम्पो आला कुठल्या रस्त्याने? आमच्या गाळ्यासमोरच्या. आणि हो, दर महिन्याला विक्रीची वही दाखवायला या. वाटलं तर आमचा माणूस येऊन तपासेल.” शेतकरी म्हणतो, सोसायटीच्या गेटवर निदान एक पाटी लावतो की गाळ्यापेक्षा इथे दहा रुपये स्वस्त. शेठ म्हणतात, पाटी लावा, पण आमच्या मापाची, आम्ही सांगू त्याच मजकुराची, आणि पाटी वाचून जो पुढे येईल त्याच्यासमोर आमचा माणूस उभा राहून विचारेल, ‘ताई, हा टेम्पो आमचा नाही. हे टोमॅटो आम्ही पाहिलेले नाहीत. पुढे जायचं का?’ इथवर गोष्ट आली असती तर जुन्नरच्या त्या माणसाने टोमॅटो कुठे ओतले असते हे सांगायला नको. मात्र एवढं नमूद केलं पाहिजे की आपल्या अडत्यांना, त्यांच्या नावाने कितीही बोटं मोडली गेली तरी, तीस टक्के कधी सुचले नव्हते.

यात वाढवून सांगितलेलं फार थोडं आहे. विक्रीची माहिती नियमित कळवण्याची अट खरी आहे, हिशेब तपासण्याचा हक्क खरा आहे. अमेरिकेत 2024 मध्ये न्यायालयाच्या आदेशाने बाहेरचा दुवा दाखवायची परवानगी मिळाली तेव्हा दुव्यावर बोट ठेवल्यावर अख्खा पडदा भरून सूचना यायची. आणि पुढच्या सात दिवसांत त्या गिऱ्हाइकाने बाहेर जे घेतलं त्यावर 27 टक्के. सवलत तीन टक्क्यांची. 2025 मध्ये न्यायालयाने याला आदेशाची अवहेलना म्हटलं. युरोपात 2024 मध्ये नवा कायदा लागू झाला, दुसऱ्या दुकानांना फोनवर जागा द्यावी लागली. तेव्हा दहा लाखांच्या पुढच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे वर्षाला 50 सेंट अशी नवी आकारणी निघाली. अॅप फुकट असलं तरी.

या लढ्यात प्रेमाने आणि लग्नाने जे सोसलं त्याला तोड नाही. नेदरलँड्समध्ये वादात सापडली ती डेटिंगची अॅप. एकट्या जिवांनी जोडीदार शोधताना पैसे कुठल्या गल्ल्यात भरावेत, असा प्रश्न होता. बाहेरचा गल्ला चालू द्या असा आदेश झाला. तो दुकानाने नीट पाळला नाही म्हणून 2022 च्या सुरुवातीला आठवड्याला 50 लाख युरो दंड लागला. एक आठवडा, दुसरा आठवडा, असे दहा आठवडे, एकूण 5 कोटी युरो. तिथेही औदार्य दाखवलं गेलं: 27 टक्के. भारतात डेटिंगच्या जागी विवाह. 2024 च्या मार्चमध्ये कमिशनच्या भांडणातून स्थळं सुचवणारी काही अॅप दुकानातून खाली उतरवली गेली. सोबत नोकऱ्या शोधून देणारीही गेली, म्हणजे मुलगा काय करतो या प्रश्नाचीही सोय संपली. सरकारने डोळे वटारल्यावर ती काही दिवसांत परत आली. पत्रिका जुळवणाऱ्यांनी मंगळ, नाडी, गोत्र सगळं पाहिलं होतं; अॅप-दुकानाचं कमिशन कुठल्या घरात बसतं हे पाहायचं राहिलं.

‘पण सुरक्षा?’ असा प्रश्न या वेळेपर्यंत कुणीतरी विचारलेला असतो. तो दुकानांचा हुकमी एक्का. दरवाजे उघडले तर चोर शिरतील. ठीक. 2021 मध्ये एका अधिकृत अभ्यासगटाने भारतीयांसाठी खुली असलेली ऐंशीहून अधिक अॅप-दुकानं पाहिली, तेव्हा कर्ज देणारी सुमारे 1100 अॅप सापडली आणि त्यातली 600 बेकायदा निघाली. ती काही फक्त गल्लीबोळातल्या दुकानांत नव्हती. तपासणीचा एवढा डांगोरा असलेल्या मोठ्या दुकानातूनही पुढच्या काळात दोन हजारांवर कर्ज-अॅप काढावी लागली, असं सरकारी उत्तरात नोंदलेलं आहे. काढावी लागली, म्हणजे आधी तपासून आत घेतली होती. या अॅपनी काय केलं? पाच-सात हजारांचं कर्ज दिलं, फोनमधले सगळे नंबर आणि फोटो उचलले, हप्ता चुकल्यावर बाईच्या फोटोत घाणेरडे फेरफार करून ते तिच्या सासरी, ऑफिसात, मुलाच्या शाळेच्या ग्रुपवर पाठवले. माणसांनी जीव दिले. देशभर गुन्हे नोंदले गेले, महाराष्ट्रातही. नंबर आणि फोटो उचलायची परवानगी मागणारी पाटी त्याच फोनच्या पडद्यावर, त्याच व्यवस्थेने दाखवली होती. तेव्हा अख्खा पडदा भरून ‘ताई, पुढे जायचं का?’ असं कुणी विचारलं नाही. ती दक्षता राखून ठेवलेली होती. गिऱ्हाईक आपला गल्ला सोडून दुसरीकडे पैसे भरायला निघालं, की ती बाहेर निघते. लोक मरत असताना जो दरवान पेंगत होता, तो कमिशन बुडतंय म्हटल्यावर खडबडून जागा होतो, आणि याच जागेपणाचे तीस टक्के मागतो. याला सुरक्षा म्हणायला जीभ धजत नाही.

असो. संतापून आकडे हलत नाहीत, ते अपिलात हलतात. भारतातल्या त्या 2022 च्या आदेशासोबत 936 कोटींचा दंड ठोठावला होता. 2025 च्या मार्चमध्ये अपिलात तो 216 कोटींवर आला. दंडाला सवलत चार टक्क्यांची नव्हती. ती साधारण 77 टक्क्यांची होती.

डिजिटल बाजारातल्या मक्तेदारीला आधीच लगाम घालणाऱ्या विधेयकाचा मसुदाही 2024 च्या मार्चमध्ये लोकांपुढे ठेवला गेला, विवाहाची अॅप गायब झाली त्याच महिन्यात. त्याचा कायदा झालेला नाही. जपानने त्याच वर्षी विशेषतः स्मार्टफोनसाठी कायदा मंजूरही केला. इथे हरकती-सूचना मागवल्या गेल्या, आणि मसुद्याने छोट्या उद्योजकांचंच नुकसान होईल अशी काळजी वाहणारेही भेटले. छोट्या उद्योजकांना कोणी विचारलं तर ते 11 टक्क्यांचा हिशेब दाखवतील.

तोवर वाचकांना एकच विनंती. एखाद्या अॅपची वर्षाची वर्गणी भरण्याआधी त्याच सेवेची वेबसाइट ब्राउझरमध्ये उघडून तिथला दर पाहावा. बऱ्याचदा तो कमी असतो, आणि तिथे भरलेल्या पैशांतून दुकानाचा वाटा सहसा जात नाही.