आमचा तुरुंग

मी तुरुंगात वाढलो असं सांगितलं की समोरचा माणूस जरा सरकून बसतो. पण त्यात खोटं काही नाही. वरळीच्या बीडीडी चाळी इंग्रज सरकारनं १९२०च्या दशकात कामगारांसाठी बांधल्या. कामगार काही पटापट येईनात. पुढे सविनय कायदेभंगात तुरुंग अपुरे पडले, तेव्हा सरकारला या रिकाम्या खोल्या आठवल्या. सत्याग्रहींना जिथे शिक्षा म्हणून डांबलं, तिथेच नंतर आमचे आजोबा आपणहून, वर भाडं भरून राहायला आले.

भिंती सिमेंट काँक्रीटच्या. कॅलेंडरसाठी खिळा ठोकायला घेतला की खिळा वाकायचा आणि वडील लाटसाहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे.

खोली १६० चौरस फुटांची. त्यामुळे खरा संसार पॅसेजमध्ये. उन्हाळ्यात तो शयनगृह, मार्चमध्ये अभ्यासिका, लग्नात पंगतीची जागा, कुणी गेलं की सतरंजी अंथरून बसायची जागा आणि उरलेल्या वेळात आमचं क्रिकेटचं मैदान. चेंडू कुणाच्या आमटीत पडला तर फलंदाज बाद आणि चेंडू जप्त. एकदा पॅसेजच्या एका टोकाला साखरपुडा आणि दुसऱ्या टोकाला नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण, असे दोन कार्यक्रम एकाच वेळी रंगले. मुलाकडच्यांनी दोन्ही मन लावून पाहिले. तरीही लग्न झालं.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पॅसेजचा उपयोग पुन्हा बदलला. एरवी पाळीवर असणारी बापमाणसं भरदुपारी तिथे बसू लागली. आधी त्यांनी आमच्या मॅचला अंपायर पुरवले. संप लांबला तसे तेच बॅटिंगला आले. आऊट दिलं तर एकजण म्हणाले, "निर्णय एकतर्फी आहे, आधी वाटाघाटी करा." घराघरात उधारीची वही जाड होत होती; आम्हाला मात्र वाटायचं, काकांना सुट्टी लागलीय.

आता म्हाडा चाळी पाडून टॉवर बांधतंय. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घराच्या चाव्या मिळाल्या. घर ५०० चौरस फुटांचं, संडास घरातच. त्याचं मोल कळायला सकाळी हातात डबा घेऊन रांगेत उभं राहिलेलं असावं लागतं. शेजारच्या काकूंना पहिल्याच फेरीत घर मिळालं. पण बेडरूममध्ये नुसतं झोपायचं, ही उधळपट्टी त्यांना पटेना. महिन्याभरात तिथे धान्याचे डबे, शिलाई मशीन आणि गावाहून परीक्षेला आलेला भाचा दाखल झाले. संध्याकाळी काकू लिफ्टसमोर खुर्ची टाकून भाजी निवडत बसतात. येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी आपोआप होते.

परवा गेलो तर तिथे नवी नोटीस दिसली : 'लॉबीत बसू नये. क्रिकेट खेळू नये.' नोटीस लावायची वेळ आली, म्हणजे माणसं व्यवस्थित स्थिरावली आहेत. नकाशावर सरकारनं काहीही लिहावं, इमारतीचा उपयोग शेवटी राहणारेच ठरवतात.