चिलट कसं ओळखावं

साहित्य : अतिपिकलेली दोन केळी, रिकामी बरणी, कागदाचं नरसाळं, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि घरात केळी कुजवण्याची परवानगी. यातली शेवटची वस्तू बाजारात मिळत नाही.

केळी बरणीत घालून तोंडावर नरसाळं बसवा. चिलटांना आमंत्रण लागत नाही, आंबूस वास पुरतो. त्यांना फळमाशी मात्र म्हणू नका, निदान कोकणात आंबेवाल्यासमोर तरी. त्याची फळमाशी वेगळ्या कुळातली, झाडावरच्या आंब्यात अंडी घालणारी. आपली ती ड्रॉसोफिला, दोन-तीन मिलिमीटरची.

बरणी फ्रीजरमध्ये मटारांशेजारी चार-पाच मिनिटं ठेवा. चिलटं गारठली की पांढऱ्या कागदावर ओता आणि भिंग घ्या. शिंकू नका. संशोधन उडून जातं.

आधी पंख मोजा. चार भरले तर तो दुसराच कोणी. चिलटाला दोनच, आणि मागे तोल सांभाळणाऱ्या दोन इवल्या टाचण्या. पंखांवर केसांची घोंगडी असेल तर ती मोरीतली माशी; तिला मोरीत पोचवा.

डोळे लाल हवेत. पांढरे दिसले म्हणून नव्या जातीचे पेढे वाटू नका. थॉमस हंट मॉर्गनला न्यूयॉर्कमध्ये 1910 साली असा एक नर सापडला. जात तीच होती, फक्त एक जनुक बदललेलं. त्याच्याही पेढ्यांना 1933 चं नोबेल उजाडावं लागलं.

डोक्यापासून पाठीपर्यंत काळ्या काठांचे रुपेरी पट्टे दिसले तर तुमचं नशीब थोर. हा झाप्रिओनस इंडियानस. मूळ गाव आफ्रिका, पण बारसं 1970 साली भारतात झालं, म्हणून इंडियानस. शहाण्या नवशिक्याने इथेच थांबावं आणि चारचौघांत तज्ज्ञ म्हणून मिरवावं.

थांबवत नसेल तर नर शोधा. ड्रॉसोफिला मेलानोगास्टर या जातीचा नर मादीहून लहान, पोटाचं टोक काळं, पुढच्या पायांवर काळी फणी. फणीचे दाते मोजायला भिंग पुरत नाही. सूक्ष्मदर्शक मिळवा, म्हणजे कळेल की सिम्युलन्स जातीची फणीही जवळपास तशीच असते. 1919 पर्यंत या दोन जाती वेगळ्या आहेत हेच कोणाला ठाऊक नव्हतं. फरक आहे तो नराच्या जननेंद्रियाजवळच्या एका कमानीत, आणि ती पाहताना घरचं कोणी मागे उभं नाही याची खात्री करा.

आणि मादी? तिच्यापुढे कसलेले जाणकारही हात टेकतात. मग तिला एकटीला कुपीत ठेवायचं, रवा, गूळ, अगर आणि यीस्टच्या शिऱ्यावर. रानातून आलेली मादी बहुधा आधीच संसाराला लागलेली असते. ती अंडी घालते. पंचवीस अंश तापमानात साधारण दहा दिवसांनी मुलगे बाहेर पडतात. त्यांची कमान पाहायची आणि त्यावरून आईची जात सांगायची.

तोवर शिऱ्याच्या कुपीवर ‘खाऊ नये’ अशी चिठ्ठी डकवून ठेवा.