अळीमास्तर

आमचे भाऊजी नेमकं काय काम करतात हे सांगताना आईची अजून पंचाईत होते. "कॉम्प्युटरवर अळ्या पाळतात," असं सांगून ती मोकळी होते. तसं ते फारसं चूक नाही. कपाशीवरची गुलाबी बोंडअळी एका शिवारातून दुसऱ्या शिवारात कधी आणि कशी सरकेल, याचं गणिती मॉडेल भाऊजी करतात. त्यांच्या पडद्यावर अख्खा यवतमाळ जिल्हा चौकटीचौकटींत कापून ठेवलेला असतो. चौकटीत पतंग सोडायचे, बटण दाबायचं, आणि ते शेजारच्या चौकटीत शिरताना बघत बसायचं. गावात त्यांना अळीमास्तर म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे आणि आवडतंही.

त्यांना साधा प्रश्न मात्र विचारू नये. पोळ्याला आले की बाबा जेवताना विचारतात, "काय मंग, यंदा अळी येते का?"

"मामाजी, परिस्थिती अनुकूल राहिली, तर शक्यता नाकारता येत नाही."

"म्हंजे फवारू का नको?"

"ते सापळ्यावर अवलंबून आहे."

"याच्यापरीस पंचांग बरं बापा. मुहूर्त तरी सांगते."

बाबांनी असं म्हटलं की भाऊजींचा घास हातातच राहतो आणि अळीचं वय सुरू होतं. अळीला म्हणे कॅलेंडर कळत नाही, ऊब कळते. ठरावीक तापमानाखाली तिची वाढच थांबते. त्याच्यावर रोज जितके अंश मिळतील ते साठत जातात, आणि बेरीज भरली की ती कोषात जाते. म्हणून शेतावर गेले की गड्याच्या आधी ते थर्मामीटरची विचारपूस करतात. आमच्या भाच्याच्या वाढदिवसाला पाहुण्यांसमोर म्हणाले होते, "मे महिन्याचा जन्म आहे, अळी असता तर एव्हाना नातवंडं झाली असती." ताईनं केकची सुरी जरा जोरातच ठेवली.

सकाळी सातला त्यांचा नित्यनेम म्हणजे कामगंध सापळे. हेक्टरी पाच. आत मादीच्या वासाची गोळी, खाली प्लास्टिकची लांब पिशवी. भाऊजी उकिडवे बसतात, पिशवीची गाठ सोडतात, आदल्या दिवशीच्या पेपरावर ते करडे, तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे पतंग ओततात आणि आगकाडीनं एकेक बाजूला सारत मोजतात. वारा आला की पेपरावर पालथे होऊन श्वास रोखतात. सगळे नर. आई एकदा वाकून बघून म्हणाली, "बायकोच्या वासानं आले बिचारे." भाऊजी म्हणाले, "आत्याबाई, तत्त्व तेच आहे." सापळ्यात सलग 3 रात्री 8 पतंग आले की धोक्याची घंटा. सात आले तर त्यांचं तोंड एवढंसं होतं, आणि आपण शेतकऱ्याचे जावई आहोत हे आठवलं की लगेच हसतं होतं.

सासुरवाडीचं आणि त्यांचं खरं वैर पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, ढिगावरून. आईला चुलीला जळण हवं, आणि भाऊजींच्या लेखी तो ढीग म्हणजे पुढच्या हंगामाच्या पहिल्या पिढीचं वसतिगृह. एखादं वाळकं बोंड नखानं फोडून, आत मुटकुळं करून झोपलेली गुलाबी अळी तळहातावर घेऊन ते स्वयंपाकघरात येतात. "बघा, पाऊस पडेपर्यंत ही उठत नाही." आई म्हणते, "मंग झोपू द्या ना तिले." बाबा आणखी दोन वेचण्यांच्या लोभानं फरदड ठेवतात, म्हणजे हंगाम संपला तरी कपाशी उभीच ठेवतात, ही गोष्ट तर जावयापासून घराण्याच्या गुपितासारखी जपली जाते. फोनवर कपाशीचा विषय निघाला की आई लोणच्यावर घसरते.

मॉडेलला खरा धक्का मात्र बाबांनीच दिला. झाडातच अळीचं विष असलेल्या बीटी बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत नॉन-बीटीचं 120 ग्रॅमचं पाकीट यायचं. ते कडेनं पेरायचं, म्हणजे तिथे विषाला न सरावलेले पतंग तयार होतात, सरावलेल्यांशी जोडी जमवतात, आणि बीटीची धार टिकते. भाऊजींच्या गणितात सगळा जिल्हा ते पेरत होता. त्यांनी सहज विचारलं, "मामाजी, ते छोटं पाकीट कुठल्या बाजूला पेरता?"

"थे? थे तं धुऱ्यावर फेकतो. कोण पेरते?"

भाऊजी न बोलता उठले, लॅपटॉप उघडला, आणि रात्री दोनपर्यंत त्यांच्या मॉडेलात पहिल्यांदा माणूस शिरत होता. 2017 साली विदर्भात बोंडअळीनं कपाशीचं जे नुकसान केलं, त्याच्यावर ते एरवी बोलत नाहीत. बाबाही नाहीत. तो विषय निघाला की दोघंही सुपारी कातरतात.

पंगतीत शेजारी बसलात तर प्रागजवळची गोष्ट ऐकावी लागते. 1905 साली तिथे मस्करॅट, म्हणजे पाण्यात राहणारी एक युरोपाबाहेरची घूस, सुटली. 1951 मध्ये स्केलम नावाच्या गणितज्ञानं दाखवलं, की तिनं व्यापलेल्या मुलखाचं वर्गमूळ वर्षागणिक सरळ रेषेत वाढलं. "चालून पसरण्याचं गणित सोपं असतं हो," भाऊजी जिलबी मोडत म्हणतात, "ट्रकनं पसरण्याचं कठीण." म्हणून हायवेच्या टपरीवर चहा पिताना ते जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्या मोजतात. सरकीत बसलेली अळी एका रात्रीत तीन तालुके ओलांडते, आणि तिला तिकीट लागत नाही.

मे 2020 मध्ये टोळधाड मोर्शी-काटोलकडे उतरली तेव्हा त्यांचा फोन थंड होत नव्हता. प्रत्येकाला एकच उत्तर, "वारा सांगेल." गावानं मार्चमध्ये करोनासाठी वाजवलेल्या थाळ्या टोळ हाकलायला पुन्हा काढल्या. सराव होताच.

त्यांची खरी शोकांतिका वेगळीच. एका वर्षी त्यांनी ऑगस्टात निक्षून सांगितलं, की आपल्या शिवारात सप्टेंबरात उद्रेक होणार. गावानं ऐकलं. अळी लागलेल्या डोमकळ्या तोडल्या, सापळे लावले, वेळेवर फवारलं. सप्टेंबर सरला, अळी नावालाच आली.

"मास्तर, तुमचा अंदाज पार फसला," बाबा म्हणाले.

"मामाजी, तुम्ही ऐकलं म्हणून फसला!"

"म्हंजे आम्ही ऐकलं नसतं तं बरोबर आला असता?"

"हो!"

"मंग पुढच्या वर्षी ऐकत नाही. तुमचं नाव व्हईल."

भाऊजींनी यावर खरोखर विचार केला. निम्म्या गावानं ऐकायचं आणि निम्म्यानं नाही, अशी तुलना करता येईल का, असं त्यांनी सरपंचांना विचारलंसुद्धा. दोन्ही निम्म्यांची नावं कोण लिहिणार, यावर बैठक मोडली.