शेवटची सोळा पानं

१९८४ च्या जूनमध्ये वडील मला निवासी शाळेत सोडून गेले, तेव्हा माझ्या ट्रंकेतल्या एकूण एक वस्तूवर ४३ हा आकडा होता. टॉवेलवर, बनियनवर, चड्डीच्या नेफ्यावर आईने तो लाल दोऱ्याने भरला होता. ताट-वाटीवर भांडेवाल्याकडून ठोकून घेतला होता. दोन दिवसांनी आम्हाला ग्रंथालय दाखवायला नेलं, तर तिथल्या पुस्तकांच्या पाठीवरही आकडे. पुस्तकांबद्दल आपुलकी वाटली ती तेव्हा. तीही बिचारी कुणीतरी आणून सोडलेली दिसत होती.

फरक एवढाच, की आमची मोजदाद रोज रात्री साडेनऊला व्हायची आणि पुस्तकांची वर्षातून एकदा, तीही कमी भरायची.

ग्रंथालय म्हणजे प्रार्थनेच्या हॉलला लागून असलेली खोली, आठ काचेची कपाटं आणि आठ कुलपं. किल्ल्यांचा जुडगा ग्रंथपाल सरांच्या खिशात असायचा आणि त्याच्या वजनाने सर कायम डावीकडे कललेले असायचे. पुस्तकं वापरासाठी असतात, असा ग्रंथालयशास्त्राचा पहिला नियम डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये सांगून ठेवला आहे. त्यांचा फोटो भिंतीवर होता. नजर बरोबर कुलपावर पडेल, असा टांगला होता.

सर शिस्तीचे. ड्युईच्या दशांश पद्धतीने त्यांनी सगळी वर्गवारी केली होती. तिच्यात मराठी साहित्याचा आकडा ८९१.४६. आमच्याकडे बहुतेक सगळं मराठी साहित्यच असल्यामुळे सहा कपाटांवर ८९१.४६ एवढंच लिहिलेलं होतं. त्यामुळे पुस्तक शोधायचा एकच मार्ग उरायचा, तो म्हणजे सरांना विचारणे. सरांना विचारलं की ते विचारत, "कशाला हवंय?" याचं उत्तर आमच्यापैकी कुणालाच कधी देता आलं नाही.

शनिवारी चौथा तास ग्रंथालयाचा. हजेरीच्या क्रमाने उभं राहायचं आणि हातात येईल ते घ्यायचं. बेचाळीस नंबरला 'फास्टर फेणे' मिळाला. माझ्या हातात केळीच्या लागवडीवरचं पुस्तक आलं. तीन आठवडे ते माझ्याकडे होतं. लावणीसाठी तलवारीच्या पात्यासारख्या पानांचे मुनवे घ्यावेत, रुंद पानांचे घेऊ नयेत, हे मला आजही झोपेतून उठवून विचारा. राहतो चौथ्या मजल्यावर.

फेण्याचा मात्र आम्हाला राग यायचा. तोही आमच्यासारखाच घर सोडून, फुरसुंगीहून पुण्याला शिकायला आलेला. पण भा. रा. भागवतांनी त्याच्या बुडाखाली सायकल दिली आणि त्याला थेट काश्मीरपर्यंत पाठवला. आम्हाला गावातल्या न्हाव्याकडे जायचं तरी तीन सह्या लागत. फेण्याच्या शाळेत रेक्टर नावाचा प्राणी नसावा, असं आमचं ठाम मत होतं.

'श्यामची आई' पाचवीच्या मुलांना दिवाळीआधी द्यायची नाही, हा सरांचा अलिखित कायदा होता. का, ते आमच्याच वर्षी कळलं. एका मुलाने दिवसा घरून आलेली प्रत काढली आणि रात्री मोठ्याने वाचायला घेतली. पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत. आम्ही चौथ्या रात्रीपर्यंत टिकलो. आधी कॉट नंबर नऊ मुसमुसला, मग दहा, मग रांगच लागली. पाणी प्यायला उठलेला आठवीतला दांडगा मुलगा आम्हाला गप्प करायला आला आणि दारातच बसून रडायला लागला. साने गुरुजी अंमळनेरच्या छात्रालयात मुलांमध्ये राहिलेले. रात्रीच्या किती वाजता पोरांना आई आठवते, हे त्यांना नेमकं ठाऊक असणार. रेक्टरांनी प्रत जप्त केली. सकाळी त्यांचेही डोळे सुजलेले होते. ते म्हणाले, डास.

जाडजूड पुस्तकांना दुसरे उपयोग होते. 'मृत्युंजय' पँटला इस्त्री करायला उत्तम. पँट घडी घालून गादीखाली, तिच्यावर कर्ण आणि त्याच्यावर आपण. सकाळी धार अशी, की पाहुण्यांनी विचारावं, धोबी कोण? विश्वकोशाचा खंड उघडून बसलेल्या मुलाला मुख्याध्यापक कधीच हटकत नसत, आणि त्याच्या पोटात बाबुराव अर्नाळकरांची एक रहस्यकथा सहज मावते. लक्ष्मणशास्त्री जोशींनी ही सोय डोळ्यांपुढे ठेवली नसेल, पण सोय होती.

रहस्यकथा ग्रंथालयातल्याच. गावातल्या कुणीतरी घर आवरताना गठ्ठाच्या गठ्ठा भेट दिलेला. सरांनी तो रीतसर रजिस्टरात चढवला आणि सर्वांत खालच्या फळीवर ठेवला, म्हणजे मुलांच्या बरोबर हाताशी. अर्नाळकरांनी हजाराच्या वर पुस्तकं लिहिली. आमच्याकडे चाळीसेक असतील. आणि एकाही पुस्तकाला शेवटची सोळा पानं नव्हती.

ती कॉट नंबर सतराकडे होती. हा नववीतला मुलगा पुढे काय झाला मला माहीत नाही, पण पैसेवाला झाला असणार. तो ब्लेडने शेवटचा फॉर्म अलगद सोडवायचा, पुस्तक परत करायचा आणि वाट बघत बसायचा. खुनी कळायला दोन दिवस असले, की गिऱ्हाईक आपोआप येई. दिवाळीच्या सुट्टीनंतर ट्रंका भरलेल्या असत, तेव्हा त्याचा दर सहा बेसनाचे लाडू. फेब्रुवारीत सगळे डबे खडखडीत. मग तो चकलीच्या एका तुकड्यावर खुनी सांगायचा.

माझं दुर्दैव की मी नोव्हेंबरमध्ये अडकलो. सहा लाडू मोजून दिले, दिवे गेल्यावर पांघरुणात शिरलो आणि टॉर्च लावला. सेल दुपारभर उन्हात वाळवून घेतले होते, तरी उजेड वरणाच्या रंगाचा. नायिकेचं नाव बदललेलं दिसलं. म्हटलं, मध्यंतरी लग्न झालं असेल. दागिन्यांच्या पेटीचं मृत्युपत्र झालं होतं. ते मला छपाईतलं वाटलं. शेवटी एका मुनीमाने गुन्हा कबूल केला. हा मुनीम पुस्तकात आधी कुठेच नव्हता. पण मधली काही पानं मी मंद उजेडात वाचली होती, तेव्हा तो अंधारात येऊन गेला असेल, अशी समजूत घालून मी समाधानाने झोपलो. ती पानं दुसऱ्याच पुस्तकाची होती हे मला दोन दिवसांनी कळलं. लाडू तोवर पचले होते. त्याला, मला नाही.

दहावी झाल्यावर 'काही येणे नाही' असा दाखला लागायचा, आणि त्यावर ग्रंथपाल सरांची सही. मी गेलो तेव्हा सर एकटेच पडताळणी करत बसले होते. त्यांनी रजिस्टरात ४३ वर बोट ठेवलं, ते खाली घसरवत नेलं आणि एका ओळीशी थांबवलं. माझ्या पोटात गोळा आला. त्या पुस्तकाची पानं गेलेली, आणि देव-घेवीत सर्वांत जास्त वेळा नाव माझं.

सरांनी दाराकडे बघितलं. मग खालच्या आवाजात विचारलं, "शेवटी खुनी कोण निघतो रे त्यात?"

दाखला त्यांच्या हाताखाली होता. मी म्हटलं, "मुनीम, सर."

सर खुर्चीत मागे रेलले. "मला त्या मुनीमाचा पहिल्या पानापासून संशय होता," असं म्हणून त्यांनी सही केली.