मोफत अंत तपासणी शिबिर

आमच्या घराण्यात दात काढण्याचा व्यवसाय माझ्यापासून सुरू झाला. एकमेकांवर फुकट दात काढण्याची परंपरा मात्र जुनी आहे. बीडीएसच्या शेवटच्या वर्षाची मार्कशीट घेऊन मी पौडच्या घरी आलो, तेव्हा बाबांनी ती खिडकीपाशी नेली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि म्हणाले, "पणजोबांची जमीन मुळशी धरणात गेली, तेव्हा सेनापती बापटांनी १९२१ साली सत्याग्रह तरी केला. तुझे मार्क पाण्यात गेले तेव्हा तू काय करत होतास?"

मी पास होत होतो. आमच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठात ५० टक्क्यांना पास करतात आणि विद्यापीठाला वाईट वाटू नये म्हणून मी त्या आकड्याच्या फार वर कधी गेलो नाही. शेवटच्या वर्षी आठ विषय असतात. त्यातल्या सार्वजनिक दंतआरोग्यात तर मला नेमके ५० टक्के पडले. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एवढ्या भांडवलावर अमेरिकेला जायचं खूळ मावसबहिणीनं डोक्यात घातलं. आपल्या डिग्रीवर तिथे सरळ दवाखाना थाटता येत नाही. तिथल्या डेंटल कॉलेजात पुन्हा दोन-तीन वर्षं शिकावं लागतं. त्यासाठी अर्ज करायचा. अर्जात मार्क, परीक्षा, शिफारसपत्रं, निबंध, समाजसेवा, सगळं लागतं. एवढं करून कॉलेजला तुम्ही बरे वाटलात, तर मुलाखत. काही ठिकाणी शिवाय पुतळ्याच्या तोंडातले प्लॅस्टिकचे दात कोरून दाखवायचे.

मी पुण्यातल्या एका सल्लागार मॅडमना गाठलं. त्यांनी माझी मार्कशीट तांदूळ निवडावेत तशी न्याहाळली. "प्रोफाइल वीक आहे," त्या म्हणाल्या. आम्हा दातवाल्यांच्या भाषेत प्रोफाइल म्हणजे बाजूनं दिसणारा चेहरा. दात फार पुढे आले असतील तर तार लावून मागे घेता येतात. मागे राहिलेल्या मार्कांना पुढे ओढणारी तार अजून निघालेली नाही. "पण आपण बिल्ड करू," मॅडम म्हणाल्या आणि फीचा आकडा सांगितला. तो ऐकून बाबा म्हणाले, "आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला डॉक्टर व्हायला गेल्या. त्यांनी कॉलेजला एक पत्र लिहिलं होतं. पत्राला किती पडतात?"

पहिली पायरी परीक्षेची. अमेरिकेतल्या दंतवैद्यांची राष्ट्रीय परीक्षा दोन दिवस चालते, प्रश्न ५००. पण पास झालात तर निकालात फक्त 'पास' एवढंच येतं, गुण सांगतच नाहीत. काठावरच्या माणसासाठी याहून सभ्य परीक्षा मी पाहिलेली नाही. मी पास झालो. किती काठावर, हे देव जाणे आणि तो बोलत नाही.

दुसरी पायरी शिफारसपत्राची. कवळ्या शिकवणाऱ्या सरांकडे पेढे घेऊन गेलो. त्यांनी मला बराच वेळ ओळखलं नाही, आणि ओळखलं ते आजोबांवरून. कॉलेजात प्रत्येकाला ठरावीक कवळ्यांचा कोटा पूर्ण करावा लागतो. पेशंट मिळेना म्हणून मी आजोबांना एसटीचं भाडं देऊन नेलं होतं. "तुझ्या आजोबांची कवळी एका बाजूला तिरकी हसायची," सर म्हणाले, "आणि तुझा शेवटचा पेशंट उठेपर्यंत शिपाई दिवे बंद करायला ताटकळत उभा असायचा." मी म्हणालो, "सर, यातलं थोडं गाळून..." सर म्हणाले, "पत्र मी लिहिणार आहे ना? मग खरं लिहीन." पेढे मात्र त्यांनी ठेवून घेतले.

तिसरी पायरी, हात बसवणं. प्लॅस्टिकचे दात महाग, म्हणून मी ओळखीच्या दवाखान्यांतून काढलेले खरे दात मागून आणले आणि औषधाच्या पाण्यात घालून ठेवले. घट्ट झाकणाची बरणी घरात एकच होती, लिंबाच्या लोणच्याची. रविवारी भूगावची आत्या आली. फळीवरची बरणी तिनं काढली, उजेडात धरली, झाकण उघडलं, चमचा आत घातला आणि म्हणाली, "अगंबाई, सोललेला लसूण मिठाच्या पाण्यात? तुझी कमाल आहे हो वहिनी!" चमच्यात दाढ आली, तीन मुळांची. तेव्हापासून आत्या आमच्याकडे जेवत नाही. चहा घेते, तोही समोर उकळलेला.

आता राहिली समाजसेवा. मॅडम म्हणाल्या, "रूरल कॅम्प घ्या. मुळशीचेच आहात, तुम्हाला काय, घर की खेती." बाबा म्हणाले, "जमिनी विकून गाड्या घेण्याला लोक मुळशी पॅटर्न म्हणत होते. आता म्हाताऱ्यांचे दात दाखवून व्हिसा घेण्यालाही म्हणतील."

शिबिर ताम्हिणीच्या वाटेवर, आजीच्या माहेरच्या गावात, देवळाच्या सभामंडपात ठरवलं. तारीख निवडली जुलैतल्या एका रविवारची. ज्याला सार्वजनिक दंतआरोग्यात ५० टक्के पडतात, त्यालाच हे सुचतं. जुलै म्हणजे भातलावणी; अख्खं गाव गुडघाभर चिखलात. रविवार म्हणजे पुण्याची गर्दी धबधबे बघायला ताम्हिणीत. मी मक्याच्या कणसांच्या गाड्यांमध्ये तासभर अडकलो. पोहोचलो तेव्हा देवळात दोन कुत्री, एक पुजारी आणि फ्लेक्स. फ्लेक्सवाल्याकडून 'द'चा 'अ' झाला होता. माझ्या फोटोखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'मोफत अंत तपासणी शिबिर'.

पहिला पेशंट ऐंशीच्या घरातला. त्यांनी तोंड उघडलंच नाही. "डाक्टर, बघून सांगा, माझा कधी हाय?"

दुपारी आजीनं सूत्रं हातात घेतली. "माझा नातू अमेरिकेला चाललाय, तेवढं तोंड दाखवून जावा," असं बांधाबांधावर ओरडत ती फिरली आणि डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेतलेल्या २७ बाया चिखलाच्या पायांनी देवळात आल्या. पंचवीस जणींच्या हिरड्या काळ्या. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटानं हिरड्यांना चोळायची, ती मिश्री. मग मी तासभर बोललो. मिश्रीनं हिरड्या खाली सरकतात, तोंडात पांढरे चट्टे येतात, चट्ट्यांचा कॅन्सर होऊ शकतो. तक्ते दाखवले. बायांनी माना डोलावल्या. शेवटी सगळ्यांना एकेक ब्रश वाटला, फोटो काढले, आणि मी समाज सुधारून पौडला परतलो.

आठ दिवसांनी आजी आली. "तुझ्या ब्रशाचं लई कौतुक चाललंय गावात," ती म्हणाली. माझी छाती फुगली. "बोटानं मिश्री मागल्या दाढंला पोचायची न्हाई. ब्रशानं कशी झ्याक पोचते!"

दरम्यान मॅडमनी माझा निबंध पक्का करून पाठवला. त्यात एक वृद्धा होती, तिच्या डोळ्यांतला अश्रू होता, आणि त्या अश्रूनं मला जीवनाची दिशा दाखवली होती. अश्रू खरा होता. मी मोबाइलचा टॉर्च तिच्या डोळ्यांत मारला होता.

मी पुन्हा गावात गेलो, या वेळी तक्ते न घेता. त्याच आजीबाईंना विचारलं, मिश्री का लावता? "दाढ ठणकती रं. दिसभर वाकून लावणी करायची. मिश्री लावली की तेवढ्यापुरती बधिर हुती." किती वर्षं? "तू झाला नव्हतास." पहिल्या वेळी मी त्यांना तासभर सांगत होतो, विचारलं काहीच नव्हतं. दोन किडक्या दाढा होत्या. एसटीनं त्यांना कोथरूडला, मी नोकरी करतो त्या दवाखान्यात आणलं आणि काढल्या. नेहमीप्रमाणे फार वेळ लागला, शेवटी त्याच म्हणाल्या, "मी हितंच निजू का?" मिश्री सुटली का? नाही. चार वेळची दोन वेळ झाली.

मी निबंधातून अश्रू काढला आणि ब्रश घातला. मॅडम म्हणाल्या, "हे निगेटिव्ह आहे." मी तसाच पाठवला, खरं सांगायचं तर नवा अश्रू लिहून घ्यायला पैसे उरले नव्हते.

एका कॉलेजानं मुलाखतीला बोलावलं, रात्री साडेअकराला, लॅपटॉपवर. सव्वाअकराला पौडची वीज गेली. हनुवटीखाली टॉर्च धरून बसलो. समोरच्या तीन प्राध्यापकांना मी कसा दिसलो असेन, हे ज्यांनी लहानपणी भुताच्या गोष्टी ऐकल्यात त्यांना सांगायला नको. बाहेर बेडूक माझ्यापेक्षा स्पष्ट बोलत होते. पहिलाच प्रश्न: हे मार्क असे का? मॅडमनी उत्तर पाठ करून घेतलं होतं, दुसऱ्या वर्षी डेंग्यू झाला होता असं. पाठांतर मला कॉलेजातही जमत नव्हतं, तेव्हाही जमलं नाही. म्हणालो, "मी बेताचाच विद्यार्थी होतो. आणि मी फार हळू काम करतो." त्यातल्या बाई म्हणाल्या, "हो, तुमच्या सरांनी तेच लिहिलंय. कोणताही पेशंट अर्धवट ठेवून तुम्ही घरी गेला नाहीत, हेही लिहिलंय." पेढे सरांनी ठेवून घेतले ते ठीकच झालं. मग त्यांनी ब्रशाची गोष्ट विचारली, आणि भुतासमोर तीन माणसं पोट धरून हसली.

नऊ कॉलेजांत अर्ज केले होते. सातांनी नाही म्हटलं, एकानं काहीच म्हटलं नाही, आणि मुलाखत घेतलेल्या कॉलेजानं वेटिंग लिस्टवर ठेवलं. घरात सुतकासारखी शांतता. बाबाही काही बोलले नाहीत. इतिहासात याला जोड सापडली नसावी.

आजीनं तोंडातून ब्रश काढला. "वेटिंग म्हंजी?"

"म्हणजे जागा नाही, आजी. कुणी उतरलं तर मिळेल."

"मग एवढं तोंड पाडायला काय झालं? ताम्हिणीच्या एसटीत कधी बसून गेलायस? आपण उभ्यानंच जातो की."