उत्तर-दक्षिण

जिन्याखाली व्यालेल्या गावठी कुत्रीची चार पिल्लं पहिले तीन आठवडे इतकी स्वच्छ होती, की घरात त्यांच्या सोज्ज्वळपणाचं कौतुक चाललं होतं. कौतुक करायला हवं होतं ते आईचं. नवजात पिल्लाला आपणहून शूदेखील करता येत नाही. आई पोट चाटते तेव्हा ती होते, आणि झालेलं सारं तीच निमूटपणे पोटात घालते. मग पिल्लांना पाय फुटले, ती अंथरुणापासून चार पावलं दूर जाऊन बसू लागली, आणि आईनं हिशेबाची रुजवातही न करता हे खातं आमच्याकडे सोपवलं.

एकाच पिल्लाचं वेळापत्रक सोपं असतं. झोपून उठलं, खाल्लं, खेळून दमलं, की अंगणात. चौघांचं मात्र पंचांग मांडावं लागतं. दोघं झोपेत, एक जेवणात, आणि चौथं ओटीच्या कोपऱ्यात जमीन हुंगत गोल फिरतंय, म्हणजे मुहूर्त अगदी गाठीशी आलेला. त्याला उचलून बाहेर धावावं, तर मागे राहिलेल्यांपैकी कुणीतरी आपलं उरकून शेपटी हलवत स्वागताला दारात हजर! रागवावं तरी कसं? मघाच्या गुन्ह्याशी आत्ताच्या ओरड्याची सांगड त्यांना घालता येत नाही. हा माणूस अधूनमधून उगाच ओरडतो, एवढंच त्यांना कळतं. शिवाय फिनेलनं लख्ख पुसलेली फरशी स्वच्छ ती आपल्या नाकाला. त्यांच्या नाकाला तिथं कालचा पत्ता अजून वाचता येतो, आणि एकाचा पत्ता बाकीचे तिघंही आपलाच समजतात.

बरं, अंगणात पोचल्यावर तरी? तिथं मुंगी असते, वाळलेलं पान असतं, भावाची शेपटी असते; आणि त्यातून लक्ष निघालंच, तर बसण्याआधीचं ते गोल फिरणं असतं. झेक आणि जर्मन संशोधकांनी ७० कुत्र्यांचं हे खाजगी काम दोन वर्षं नोंदवून २०१३ मध्ये असं मांडलं, की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असेल तेव्हा कुत्री उत्तर-दक्षिण रोखानं बसणं पसंत करतात. पुढच्याच वर्षी त्यांना इग्नोबेल, म्हणजे हसू आणणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक, मिळालं. हे वाचल्यापासून त्या गोल फिरण्याबद्दल मला आदर वाटू लागला आहे. पहाटेच्या थंडीत जिला आपण चालढकल म्हणून मनातल्या मनात शिव्या घालत होतो, ती कदाचित पृथ्वीशी चाललेली सल्लामसलत असेल.

आजीला चुंबकीय क्षेत्र ठाऊक नव्हतं. ती पाय पसरून बसे, तान्ह्या नातवंडाला दोन पावलांवर बसवी आणि तोंडानं ‘शूऽऽ’ असा सूर लावी. श्रावणातल्या पागोळीसारखा, न तुटणारा. थोड्याच दिवसांत त्या सुराशी बाळाचं पोट लयीत येई. हल्ली अंगणात मीही तोच सूर लावतो. दोघांना तो कळू लागला आहे, तिसरं मान तिरकी करून ऐकत राहतं, चौथं त्यावर भुंकतं. फिरायला निघणारे शेजारचे काका मात्र आमच्या फाटकाशी आले की अलीकडे पावलं झपाझप उचलतात.